पाटातलं मडगार्ड

टिंग.

स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजला आणि घरात साचलेली दुपार हलली.

आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, ओट्यावर हाताची उशी करून पडल्या होत्या. डोळे न उघडताच म्हणाल्या, "वाजली बघ घंटा. जा, देव उठलाय."

ही चमच्याची युक्ती त्यांचीच. रणजितला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा तो काही लागलं की मोठ्यानं हाका मारायचा आणि आमची लेक राजी झोपेतून दचकून उठायची. आत्यांनी खाटेशेजारी पेला आणि चमचा ठेवून दिला. तेव्हापासून माझा नवरा घंटा वाजवून मला बोलावतो.

मेथी निवडता निवडता उठले. आत गेले तर राजी झोपलेली नव्हतीच. खाटेच्या कडेला पाय सोडून बसली होती आणि रणजितनं तिच्या केसांची एक बट मुठीत घट्ट धरली होती.

"रबर कुठाय?" तो हळूच म्हणाला.

"याच्यासाठी बोलावलंत?"

"एक बाजू झालीय. ही सोडली तर परत सगळं पहिल्यापासून."

झालेल्या बाजूकडे मी बघितलं. वेणी कानामागून निघून भलत्याच दिशेला चालली होती. राजीनं हातात आरसा धरला होता आणि तिला ते फार आवडलेलं दिसत होतं.

रणजित खराडीतल्या एका कंपनीच्या इमारतीत इलेक्ट्रिशियन होता, ठेकेदाराच्या हाताखाली, कायम रात्रपाळीला. तो सकाळी घरी यायचा तेव्हा मी भाजीच्या जुड्या घेऊन मांजरीच्या बाजारात असायचे. मी परत येईपर्यंत तो झोपलेला. नर्सरीत 'माझे बाबा' काढायला सांगितलं तेव्हा राजीनं एक चादर काढली होती आणि चादरीखालून निघालेले दोन पाय. बाई हसल्या, मीही हसले. घरी येऊन तो कागद मात्र कपाटात ठेवला, रणजितला दाखवला नाही.

आता ते पाय प्लास्टरात होते आणि चादरीबाहेरचा माणूस दिवसभर आमच्यात होता. मांडीत सळई घातलेली, कूस बदलताना दात आवळायचा. पण जुड्या बांधायला मागायचा. माझ्या सासऱ्यांनी, आबांनी, त्याला सुतळी दिली. त्याच्या सैल जुड्या बघून बाजारातली द्वारकामावशी मला म्हणाली, "काय गं पूर्णिमा, मेथी इकायला आणलीस का केसात माळायला?" मी घरी येऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यानं जुड्या इतक्या आवळल्या की पाल्याचे देठच तुटले.

नवरात्रातली गोष्ट. रात्रपाळी संपवून तो मोटारसायकलवर घरी येत होता, मुंढव्याकडून मांजरीला. पुलाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला पडलेला सापडला. पावाचा टेम्पो घेऊन चाललेल्या मन्सूरभाईंनी बघितलं, क्रेट बाजूला सारून त्याला आत आडवा केला, दवाखान्यात नेला आणि त्याच्याच फोनवरून मला फोन लावला. रणजितला सिग्नल सुटलेला आठवतो. त्यानंतर एकदम गरम पावाचा वास आठवतो. मधलं काही नाही.

आणि मधल्या त्या रिकाम्या जागेत ज्यानं त्यानं आपापलं भरलं. बघायला येणारे खुर्चीवर टेकायचे, चहा घ्यायचे आणि म्हणायचे, "रात्रपाळी लई वंगाळ. डुलकी लागली आसंल." ठेकेदार फोनवर म्हणाला, "आरामात बरा हो रे, पण झोपेत गाडी चालवणारा माणूस मी शिडीवर कसा चढवू?" पहिले काही दिवस रणजित म्हणायचा, मी झोपलो नव्हतो. मग म्हणायचा, झोपलो नसेन. मग काहीच म्हणेना.

एका संध्याकाळी त्याच्या पाठीला तेल लावत होते तेव्हा भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "पूर्णिमा, लागली असेल का गं मला झोप?"

"तुम्हाला गादीवर लागत नाही लवकर."

तो हसला नाही.

दवाखान्यात हेमा मॅडम म्हणून होत्या. पेशंटच्या घरच्यांना सरकारी योजना समजावून सांगायचं त्यांचं काम. त्यांनीच सांगितलं होतं की वाहन धडक देऊन पळून गेलं असेल तर गंभीर जखमीला सरकार पन्नास हजार भरपाई देतं. आधी पोलिसात तक्रार, मग तहसील कचेरीत अर्ज. पैसे कुणाला नको असतात. पण मला त्याहून जास्त हवा होता तो कागद. कुणीतरी शिक्का मारून लिहून द्यावं की याला धडक बसली होती, हा झोपला नव्हता. आणि तो कागद मला रणजितच्या उशाशी ठेवायचा होता.

चौकीत तक्रार दिली. दसरा झाल्यावर सुखदेव हवालदार पंचनाम्याला घरी आले. पन्नाशीचे, शांत. कपाळावरचा घाम पुसून म्हणाले, "अपघातातली गाडी दाखवा."

"ही काय," आबा म्हणाले.

लिंबाखाली गाडी उभी होती. धुतलेली, पुसलेली. मागचं मडगार्ड नवं, दिवा नवा, आरसे नवे. हँडलला सुकलेला झेंडूचा हार आणि टाकीवर हळदीकुंकवाची बोटं.

हवालदारांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. "ही? आबा, माझ्या गाडीपेक्षा चांगली आहे."

"खंडेनवमी होती सायेब," आबा म्हणाले. "आमच्यात मोडकं हत्यार पुजेला मांडत न्हाईत. अन् पुजेला नसलेलं वरीसभर हातात घेत न्हाईत. पोराची गाडी तशीच ऱ्हायली आसती की."

आता मला उलगडा झाला. मी दवाखान्यात होते तेव्हा आबा दिवसभर तिथं बाकावर बसायचे आणि संध्याकाळी न सांगता निघून जायचे. मला वाटायचं रानात जातात. ते बद्रीनाथच्या गॅरेजात जाऊन बसत होते. विळ्याला नवी मूठ, खोऱ्याला धार आणि पोराच्या गाडीला सगळं नवं. नवमीला मांडलेल्या पुजेत विळ्या-खोऱ्यांच्या शेजारी ती गाडी उभी करून त्यांनी नारळ फोडला होता.

हवालदारांनी सुकलेला हार बोटानं जरा उचलून बघितला. मग म्हणाले, "पूजा चांगली केलीत. आता पंचनामा कशाचा करू? हाराचा?"

रस्त्यावरच्या कॅमेऱ्याचं विचारलं तर म्हणाले, त्या तुकड्यात नाहीच. बद्रीनाथला विचारलं. तो म्हणाला, पुढचा पाइप वाकला होता, मागं पण चेपलं होतं, आता नीट कुणाला आठवतंय. "आठवण नको मला, वस्तू पाहिजे," हवालदार म्हणाले. "नाहीतर कचेरीत पहिला प्रश्न येणार, घसरून पडला नाही कशावरून?"

ते गेल्यावर आबा जेवले नाहीत. ताटावरून उठून खाटेशी जाऊन उभे राहिले. "मीच धुतलं रं सगळं. माझ्या हातानं."

रणजितनं त्यांचा हात धरला. इतक्या दिवसांत प्रथमच मी त्याला आबांचा हात धरलेला बघत होते. "आबा, खिडकीतून रोज गाडी बघतो मी. मोडकी बघितली असती तर परत बसायची हिंमत झाली नसती."

आत्या स्वयंपाकघरातून ओरडल्या, "आता दोघं रडत बसू नका. भाकरी गार होतीय."

मन्सूरभाई दर आठवड्याला यायचे. राजीसाठी पावाची पिशवी, वर दोन क्रीमरोल. त्या दिवशी आबांनी त्यांना ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि सरळच विचारलं, "मन्सूरभाई, तुम्ही होता तिथं. गाडी बघितली म्हणून सांगा की. धडक दिली अन् पळाली. एवढंच."

मन्सूरभाईंनी पेला खाली ठेवला. "आबा, मी गाडी बघितली नाही. हा पडलेला बघितला. तो कसा पडला होता, कुठं पडला होता, ते म्हणाल तिथं येऊन सांगतो. न बघितलेलं कसं सांगू? उद्या कुणी विचारलं, गाडी पांढरी कशावरून, लाल का नाही, तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

आतून रणजितचा आवाज आला, "बरोबर आहे त्यांचं."

ते गेल्यावर आत्या क्रीमरोलचा कागद घडी करत म्हणाल्या, "खरा माणूस हाय. अडचणीचा हाय, पर खरा हाय."

दिवाळी झाली. रणजितचं प्लास्टर निघालं. वॉकर धरून अंगणात फिरायला लागला. राजी पुढे उलटी चालत त्याला शिकवायची, "डावा, उजवा, डावा, शाब्बास." आमच्या रानाचा तुकडा आता तीन बाजूंनी सोसायट्यांनी वेढलाय. वरच्या गॅलऱ्यांतून लोक कपडे वाळत घालता घालता आमची कोथिंबीर बघतात. एक बाई तर वरूनच विचारते, "अहो, उद्या काढणार का?" मी खालून हो म्हणते आणि ती पिशवी दोरीनं खाली सोडते.

आबा एका दुपारी औषधं आणायला हडपसरला गेले होते आणि तेव्हाच लाईट आली. आदल्या दिवशी पेरलेल्या वाफ्यांना पाणी द्यायचं होतं. आत्या म्हणाल्या, "जा तू, मोटार चालू कर. लाईट जाईल परत." मी खोरं घेतलं. राजी चप्पल काढून माझ्या मागे आली.

लांबच्या वाफ्यांची दारं नेहमी आबाच धरतात, पाणी कुठं अडवायचं, कुठं वळवायचं ते तेच बघतात. त्यांची पद्धत त्यांची. पाटाला जिथं फाटा फुटतो तिथं चिखलाचा बांध घालायचा की दगड लावायचा की गोणपाट कोंबायचं, ते त्यांनाच ठाऊक. मी पाण्याच्या पुढं पुढं चालत होते. विहिरीचं पाणी थंड होतं आणि पायाखालची माती मऊ लागत होती. शेवटच्या फाट्याशी आले तर पाट आधीच अडवलेला. आडवं काहीतरी काळं, चिखलानं लडबडलेलं, दोन्ही कडांत घट्ट रुतलेलं. पाणी त्याला थटून शहाण्यासारखं डावीकडे वळत होतं.

"मम्मी, हे काय?" राजी म्हणाली.

मी वाकले. पत्रा होता. गोल वाकाचा, एका बाजूनं आत चेपलेला, खालचं टोक दुमडलेलं. त्याच्या कडेला लाल काचेचा तुकडा अडकला होता. दिव्याची काच. सवयीनं मी ओंजळीत पाणी घेतलं, चिखल धुवायला. आणि हात तसाच थांबवला. आमच्या घरात आता धुणं जपूनच करायचं.

पाणी आपोआप वर चढून जेवढं धुतलं गेलं तेवढंच दिसलं. काळ्या रंगावरून पांढरा पट्टा ओढलेला. हातभर. खरवडलेला, खोल गेलेला, दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचा रंग.

मी राजीला पळवलं. "पप्पांना सांग, रानात या. हळू या म्हणावं."

तो वॉकर टेकत बांधावरून आला. इतक्या दिवसांत अंगणाच्या बाहेर पहिल्यांदा. आत्या मागे काठी घेऊन, पडला तर धरायला. तो वाफ्याच्या कडेला आला, वॉकरवर भार टाकून वाकून बघत राहिला. त्याची नजर चेपलेल्या बाजूवरून फिरली, मग पट्ट्यावरून, मग परत चेपलेल्या बाजूवर.

"हे मागचं मडगार्ड आहे," तो म्हणाला. "मागून आत गेलंय. पडून असं जात नाही."

त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"मी जागा होतो, पूर्णिमा."

"हो."

"मी जागा होतो." यावेळी तो आत्यांकडे बघून म्हणाला. आत्यांनी पदर तोंडाला लावला आणि काठी उगाचच जमिनीवर आपटली. "मंग? मी कवा म्हनले झोपला व्हतास?"

आबा आले तेव्हा आम्ही सगळे तिथंच बसलो होतो. त्यांना आधी वाटलं काही झालं. मी पत्र्याकडे बोट दाखवलं.

"ते व्हय. बद्रीनाथनं गोणीत घालून दिलं व्हतं भंगाराला. म्हनलं कामाचा पत्रा टाकायचा कशापायी? पाटाला बराबर बसला."

"आबा, हवालदार पुरावा मागत होते!"

"त्यांनी गाडी मागितली," आबा म्हणाले. "पत्रा कुटं मागितला?"

रणजित हसायला लागला. हसता हसता त्याची मांडी दुखली आणि तरी तो थांबेना. वरच्या गॅलरीतली बाई कपडे हातात घेऊन आमच्याकडे बघत उभी राहिली.

हवालदारांना फोन केला. ते म्हणाले, हलवू नका, येतो. ते आले तेव्हा परत पाणी चालू होतं. त्यांनी पँट दुमडली, बूट बांधावर ठेवले, मोबाइलवर फोटो काढले. मग पत्र्याला हात घालायला वाकले.

"थांबा सायेब," आबा म्हणाले. "ह्यो वाफा भरू द्या."

"आबा, हा पुरावा आहे."

"आसंल. पर आत्ता दार हाय. काढलं तर सगळं पानी पलीकडं जाईल, कोथमीर पेरलीय तिथं. बी वाहून जाईल."

सुखदेव हवालदार चिखलात उभे राहिले. पंच म्हणून बोलावलेला बद्रीनाथ आणि शेजारचे समर्थ काका बांधावर बसून राहिले. बद्रीनाथनं तंबाखू मळली. कुणाला घाई नव्हती. वाफा भरत आला तसे आबा खोऱ्यानं चिखल ओढू लागले, पलीकडे गोणपाट दाबलं, आणि मग म्हणाले, "घ्या आता."

बद्रीनाथनं पत्रा उलटा केला, आतली बाजू बघितली आणि म्हणाला, "हेच. मीच काढलं." हवालदारांनी ते पंचनाम्यात लिहिलं. जाताना आबांना म्हणाले, "पुढच्या नवमीला माझी पण गाडी आणतो."

कचेरीत बोलावणं आलं तेव्हा थंडी होती. रणजित आता काठीवर चालत होता. जिना चढताना तो मध्येच थांबायचा आणि कठडा आवडल्यासारखा त्यावर हात फिरवायचा, पाय दुखतोय हे आम्हाला कळू नये म्हणून. आम्ही चौघं बाकावर बसलो, मी, तो, राजी आणि मन्सूरभाई. मन्सूरभाईंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बऱ्याच वेळानं आत बोलावलं. टेबलामागच्या कारकुनानं वर न बघता विचारलं, "गंभीर जखमी कोण?"

"मी," रणजित म्हणाला.

आता त्यानं वर बघितलं. "आपण? चालत आलात की."

"काठी आहे साहेब."

"ती आमचे साहेबही वापरतात. चालून दाखवा जरा. इथून त्या कपाटापर्यंत."

टेबलांमधली माणसं मान वर करून बघायला लागली. रणजितचे कान लाल झाले. तो उठला. मला आतून वाटत होतं, थोडं जास्त लंगडावं त्यानं, एवढ्यापुरतंच. मी तसं त्याच्याकडे बघितलंही. आणि तेवढ्यात राजी मोठ्यानं म्हणाली, "पप्पा, नीट चाला ना! घरी चालता तसं! डावा, उजवा!"

एकजण हसला. रणजितनं राजीकडे बघितलं, काठी माझ्याकडे दिली आणि चालला. पाय ओढत होता, पण मान ताठ. कपाटाला हात लावून परत आला. कपाळावर घाम होता. मला भरपाईचं काय व्हायचं ते होवो असं वाटलं.

कारकुनानं एक्स-रे खिडकीकडे धरला. मांडीभर सळई पांढरी चमकली. तो कागद घेऊन आत साहेबांकडे गेला.

साहेबांनी मडगार्डचे फोटो मागेपुढे करून बघितले. मग मन्सूरभाईंना विचारलं, "आपण धडक देणारी गाडी बघितली?"

"नाही साहेब. हा पडलेला बघितला. रस्त्याच्या कडेला, तोंड घराच्या दिशेला."

"गाडी अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "बरं झालं. माझ्याकडे येणारे सगळे साक्षीदार गाडी बघतात. रंग बघतात, आतला माणूस बघतात. नंबर तेवढा कुणाला दिसत नाही." आणि त्यांनी लिहायला घेतलं.

बाहेर आल्यावर मन्सूरभाईंनी सगळ्यांना उसाचा रस पाजला. मी पैसे काढले तर रागावले.

मंजुरीचा कागद फाल्गुनात आला. 'अज्ञात वाहनाच्या धडकेने' असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. रणजितनं त्या ओळीचा फोटो काढून ठेकेदाराला पाठवला, सोबत एक अक्षर नाही. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा फोन आला. एक तारखेपासून ये, खालच्या मजल्यावरचं काम आहे, दिवसपाळी.

दिवसपाळी म्हटल्यावर आत्यांनी शिरा केला.

बँकेचा मेसेज आला तेव्हा आम्ही सगळे रानात होतो. उन्हं कलली होती. मी मेथी उपटत होते, रणजित बांधावर पाय लांब करून जुड्या बांधत होता, आता चांगल्या बांधतो. त्यानं मेसेज वाचला आणि फोन आबांकडे दिला. आबांनी तो हातात धरून बघितला आणि परत दिला. "पुना वाच."

त्यानं परत वाचला. आबांनी मान हलवली आणि पाण्याकडे वळले.

राजी सुतळीचे तुकडे करून माझ्याजवळ रचून ठेवत होती. "मम्मी, पैसे कुणी दिले?"

"सरकारनं."

"ज्यानं पप्पांना पाडलं त्यानं नाही?"

"नाही गं. तो कोण ते कुणालाच माहीत नाही."

"त्याला तर माहीत असेल ना, की त्यानं पाडलं?"

"असेल."

तिनं एक सुतळी बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. पलीकडे रणजित उठत होता. हातात जुड्यांची पाटी होती आणि काठी बांधावरच पडली होती, त्याला तिची आठवणही नव्हती. राजी त्याच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळून, काळजीनं, म्हणाली,

"मग त्याला कोण सांगणार, पप्पा चालायला लागले म्हणून?"